टकटक आणि चाचांचा कान

आमच्या गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो माझ्या बायकोनं, आणि तोही स्वयंपाकघरातून. मी स्वतः गाडीत बसलेलो होतो, मला काही ऐकू आला नव्हता. सकाळी अंगणात गाडी चालू करून मी आरसा पुसत होतो. ती पिठाचे हात घेऊन दारात आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हनी गाडी शिवणकाम करी ऱ्हायनी का काय?"

मी उतरून बॉनेटला कान लावला. खरंच होतं. टक, टक, टक, टक. पाय दाबला की टकटक पळे, सोडला की चालायला लागे. आमच्या वेळच्या पायमशीनवर बाई पडद्याला टीप मारत बसलीय, असं.

गाडी तशी वयात आलेली. मुलगी दहावीत असताना घेतली, पेट्रोलची, छोटी. आता ती मुलगी धडगावला सरकारी कचेरीत नोकरी करते आणि गाडीला तिच्याहून जास्त दुखणी आहेत. शनिवारी मुलीला आणायचं, सोमवारी पहाटे घाट चढून पोचवायचं, हा माझा नेम. ती म्हणते, मी वडापच्या जीपनं जाईन, सगळेच जातात. पण एकदा मी तिला जीपमध्ये बसताना पाहिलं. म्हणजे तिची ओढणी तेवढी दिसत होती, बाकी सगळे इतर प्रवासी होते. तेव्हापासून हा नेम. आमच्या कळसाडीत लोक म्हणतात, बापाचा जीव. बायको म्हणते, जीव नाही, घाटातल्या हॉटेलातली भजी.

तर आवाज आला. आता गाडी कुठं न्यायची, हा प्रश्न आमच्या घरात पडतच नाही. शहाद्याला चाचा आहेत.

चाचा म्हणजे आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरपासूनचे मिस्त्री. वडील गेले, ट्रॅक्टर विकला, ऊस बागाईत भावाकडं गेली, मी कारकून झालो. चाचा तेवढे तिथंच राहिले, त्याच पत्र्याच्या दुकानात, त्याच लिंबाखाली. मी पन्नाशीला आलो तरी ते मला 'पोऱ्या' म्हणतात. पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या कानाचं. एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही. चहावालासुद्धा कपांची जाळी धरून उभा राहायचा. मग चाचा डोळे उघडून एखाद्या घरातली भानगड सांगावी तसं हळूच सांगायचे, "दोन नंबरना पिस्टन शे." आणि दोन नंबरचाच पिस्टन असायचा. वडील सांगत की रस्त्यावरून ट्रॅक्टर येताना चाचा पाठमोरे बसून सांगत, हा अमक्याचा आहे, आणि आज त्यानं हवेची जाळी साफ केली नाही.

मी गाडी नेली त्या दिवशी चाचांनी पेचकस लावला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मला वाटलं, आजार मोठा दिसतो. मग त्यांनी पेचकस खाली ठेवला, हात पुसले आणि मला विचारलं, "आवाज कशा येस? तू काढी दखाड."

"मी?"

"गाडी तुन्ही शे ना?"

भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं आणि चहावाला यांच्यासमोर मी तोंडानं गाडीचा आवाज काढला. कचेरीतल्या माणसाला एक लाज असते. ती सांभाळत आवाज काढला की तो गाडीचा राहत नाही. माझा आवाज खाली घशातून आला. चाचांनी मान हलवली आणि निदान केलं, "खालना आवाज शे. ईंजन घसायेल शे. जाड ऑइल टाकू."

मला ते लगेच पटलं. आम्ही खान्देशातली माणसं, तेलाच्या बाबतीत आमचं मत लहानपणीच पक्कं होतं. ज्या भाजीवर बोटभर तवंग नाही ती आजाऱ्याची भाजी. पातळ तेल म्हणजे कंजुषी, दाट तेल म्हणजे माया. इंजिन झालं तरी ते आमच्याच जिल्ह्यातलं. गाडीत आत्तापर्यंत पाण्यासारखं पातळ ऑइल पडत होतं. चाचांनी आता वीस-पन्नास नंबरचं टाकलं. डब्यातून ते काकवीसारखं उतरताना बघून मला बरं वाटलं.

पैसे देऊन निघताना चाचांचा मुलगा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. त्याची मालवाहू पिकअप आहे, खापरच्या बाजारापर्यंत भाडी मारतो. तो म्हणाला, "भाऊ, एक बोलू का? अब्बाले आते बारीक आवाज ऐकू येत नही. नंदुरबारले डॉक्टरनी तपासं. इंजिनजोडे बसी बसी कान गया म्हणे. मशीन लाव म्हटलं तं लावत नही."

मी खिशात किल्ली चाचपायला लागलो.

"गिऱ्हाईक तोंडवर काही म्हणत नही, गुपचूप दुसरीकडे जास. मी म्हणस, इद व्हयनी का दुकान बंद करू. लोकं हसाना पहिले. पण मन्हं ते ऐकत नहीत. तुम्ही सांगा त्यास्ले. तुम्हना वडिलपाईनना घरोबा शे."

मी म्हटलं, सांगतो. अगदी ठामपणे म्हटलं. ठामपणे बोलायला मला कधीच अडचण येत नाही, अडचण त्यानंतर येते.

*

जाड ऑइलचा परिणाम असा झाला की गाडी चांगली तापली की टकटक जरा दबायची. सकाळी मात्र गार इंजिनाला ते दाट तेल वर चढायलाच वेळ लागे, आणि तोपर्यंत अशी टकटक व्हायची की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उभी राही. बायको म्हणाली, "आते मशीनवर गोधडी शिवी ऱ्हायनी."

तीन दिवसांनी मी शहाद्याला गेलो. गाडी दाखवायला नव्हे, चाचांना सांगायला. वाटेत वाक्यं जुळवली होती. 'चाचा, वय कुणाला चुकलंय' अशी सुरुवात होती. दुकानात पाय टाकला तर चाचांनी स्वतः उठून स्टूल पुसलं, चहा सांगितला आणि विचारलं, "फरक पडना का?"

आता आमच्याकडं एक रीत आहे. पाहुणा म्हणून जेवायला गेलं आणि भाजी खारट झाली असली तरी यजमानीण 'बरी शे का?' म्हणाली की 'एक नंबर' म्हणायचं आणि पुन्हा वाढून घ्यायचं. वैद्याला, मिस्त्रीला, न्हाव्याला हीच रीत. हात लावलेल्या माणसाचा हात खाली पडू द्यायचा नाही. माझं तोंड माझ्या आधी बोललं, "पडला की, चाचा. बराच."

चाचांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, म्हाताऱ्या माणसाचा उजळतो तसा, आधी डोळे आणि मग हळूहळू बाकीचा. ते म्हणाले, "मंग दवा लागू व्हयनी. आखो थोडी देऊ." आणि त्यांनी मधासारखं दाट काहीतरी एका डब्यातून इंजिनात ओतलं. मी दुसरा चहा घेतला. मुलगा पिकअपच्या टपावर ताडपत्री बांधत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी दोरीच्या गाठीकडं पाहिलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगं का?"

"सांगितलं नाही. ऑइल दाट करून आलो."

तिनं भाकरी उलटली. "सांगाले गयात, ऑइल लई उनात. पुढली खेपले सांगाले जाशात तं डांबर टाकी येशात."

शनिवारी मुलीला आणायला गेलो. तिनं आवाज ऐकला आणि बॉनेट उघडलं. ऑइलचं टोपण काढलं, माझ्या खिशातल्या रुमालानं पुसलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. टोपणावर पाच-तीस असा नंबर कोरलेला होता. इतकी वर्षं ते टोपण मी माझ्या हातानं फिरवत आलो होतो. मला ते कंपनीचं नक्षीकाम वाटलं होतं.

"पप्पा, या इंजिनाला पातळच ऑइल लागतं. आतल्या वाटा बारीक असतात. दाट टाकलं तर सकाळी वर पोचतच नाही."

"पण चाचांनी..."

"चाचांना ऐकू येत नाहीये, पप्पा. शहाद्यात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आवाज काढून दाखवता आणि ते तुमच्या आवाजाला औषध देतात."

हे वाक्य मला चांगलंच लागलं, कारण माझा आवाज मला ठाऊक आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी कोंबडा आरवलो तेव्हा मास्तरांनी वाघाला शाबासकी दिली होती.

मधल्या काळात आमच्या कचेरीतले एक गृहस्थ फ्लशिंगबद्दल बोलत असत. जुन्या ऑइलमध्ये एक द्रव टाकायचा, गाडी जागेवरच थोडा वेळ चालू ठेवायची आणि सगळं काढून टाकायचं. आतला साचलेला काळा गाळ धुऊन निघतो, म्हणे. एनिमाच समजा, असं ते जेवणाच्या सुट्टीत डबे उघडलेले असताना सांगत. मला त्यात वाट दिसली. दाट तेल काढून पातळ घालायचं, मधे एक धुणं करायचं, आणि चाचांचं चुकलं असं कुणी म्हणायचं नाही. रविवारी मुलीला घेऊनच दुकानात गेलो आणि म्हटलं, "चाचा, आता आजार बरा झालाय तर एकदा धुऊन काढू आणि पहिलंच ऑइल टाकू."

चाचा जरा विचारात पडले. "धुवानं व्हई, पण जुनी गाडी शे. आतला मळ कथा जाई, सांगता येत नही."

तेव्हा ते खरं बोलले होते. पण मी म्हटलं, "काही होत नाही, चाचा," आणि त्यांनी माझं ऐकलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसानं माझंच का ऐकावं, देव जाणे.

फ्लशिंग झालं. खालचा बोल्ट काढल्यावर जे पडलं ते ऑइल वाटत नव्हतं, कढईच्या बुडाचं धुणं वाटत होतं. चाचांनी त्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि उन्हात धरलं. "लोखंडना कस नही," ते म्हणाले. म्हणजे आत काही घासून झिजलेलं नाही. चमक दिसली असती तर इंजिन गेलं समजायचं. मग नवा फिल्टर, नवं पाच-तीस. गाडी चालू केली. टकटक होतीच. उलट दाट तेलाची गोधडी काढून घेतल्यासारखी ती आता लख्ख ऐकू येत होती. चाचा बॉनेटपाशी वाकून माझ्याकडं बघत होते.

"आते?"

मुलगी शेजारी होती. मी म्हटलं, "बंद. म्हणजे जवळजवळ."

परत येताना लोणखेड्याच्या पुढं जाईपर्यंत ती टकटक ऐकत होती. मग म्हणाली, "चाचांना बरं वाटलं. आता गाडीला?"

"अगं, त्यांचा मुलगा दुकान बंद करायला निघालाय. मी म्हटलं असतं, आवाज आहे, तर..."

"तर त्यांनी शोधला असता. आत्ता ते काय शोधणार? तुम्ही सगळे मिळून त्यांना सांगता की आवाजच नाही. दुकान तुम्हीच बंद करताय, पप्पा. त्यांचा मुलगा निदान तोंडावर तरी म्हणतो."

कारकुनी केलेल्या माणसाला उत्तर देता न येणारे कागद ओळखता येतात. ते खाली सरकवायचे असतात. मी काच खाली केली.

*

सोमवारी पहाटे आम्ही धडगावला निघालो. म्हसावद मागं पडलं, डोंगर जवळ आला, आणि घाटाच्या पहिल्याच वळणांत समोर लाल दिवा लुकलुकला. ऑइलची किटली आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. बिचारी इतकी वर्षं गप्प होती. पुढच्या वळणावर ती पेटून राहिली आणि टकटकीची खडखड झाली. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. डिपस्टिक ओढून पाहिली तर ऑइल पुरेपूर. मग दिवा का?

पाठोपाठ जीप आली. मुलीला कचेरीची वेळ होती, ती तीत चढली. चढताना मागं वळून म्हणाली, "चाचांनाच फोन करा. पण या वेळी खरं सांगा." मग तिची ओढणी तेवढी दिसायला लागली आणि जीप वळणाआड गेली.

मी फोन केला. उचलला मुलानं. थोड्या वेळानं त्याची पिकअप खालून येताना दिसली, शेजारी चाचा, मांडीवर पेचकस आणि टॉवेलात गुंडाळलेले पाने. उतरल्यावर चाचांनी डिपस्टिक पाहिली, माझ्याकडं पाहिलं. "दिवा कव्हयनं लागना?" मी सांगितलं. "बैस गाडीमा. मी सांगू तव्हय चालू कर, मिनिटभरच."

मी बसलो. त्यांनी मान हलवली, मला ती खूण वाटली, मी किल्ली फिरवली. गार झालेली गाडी चालू झाली, दिवा जरा रेंगाळून विझला, टकटक सुरू. चाचा पलीकडं वाकून फिल्टरकडं बघत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हं. चालू कर आते."

गाडी चालूच होती.

त्यांचा मुलगा माझ्या खिडकीशी उभा होता. त्यानं तोंड फिरवून दरीकडं पाहिलं. सागाच्या पानांतून ऊन येत होतं, एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, आणि माझी गाडी टक टक टक करत होती. मला काय सुचावं? मी किल्ली उलटी फिरवून गाडी बंद केली, आणि पुन्हा चालू केली.

चाचांचा एक हात बॉनेटच्या कडेवर होता. तो तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलला, तळहात पाहिला, आणि इंजिनावर सपाट ठेवला. म्हणाले, "चालू व्हती. तू बंद करीसन परत चालू कयी."

मी किल्ली फिरवली. गाडी बंद झाली.

"हातले समजनं," ते म्हणाले.

मी उतरलो. मुलगा काही बोलायला गेला तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. माझ्याकडं वळले. रागावलेले नव्हते. त्यापेक्षा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पोऱ्या, माले माहीत शे मन्हा कान गया. घरमा कुकर शिट्ट्या मारी मारी थकस, डाळ जळस, तुन्ही चाची ओरडस, ते बी ऐकू येत नही. ते एक बरं व्हयनं." मुलगा खाली मान घालून हसला. "पण गाडीनं तं तू सांगानं व्हतं. तू खालना आवाज काढी दखाडा, मी जाड टाकं. तू फरक पडना म्हणे, मी आखो जाड टाकं. पेशंटच खोटं बोलना तं डॉक्टर काय करी?"

"चाचा, मला वाटलं, तुम्हाला..."

"काय वाटनं? वाईट वाटी? ते तं वाटनंच. गाडी बी गयी."

एवढं बोलून ते बॉनेटकडं वळले. मी पाठोपाठ म्हणालो, "आवाज आहे, चाचा. पहिल्या दिवसापासून आहे. आणि तो वरचा आहे, खालचा नाही. मला नीट काढता आला नाही." इतकं खरं मी एका दमात बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

"वरला?" त्यांनी विचारलं. "पक्का?"

"पक्का. शिवणयंत्रासारखा. आमच्या घरात पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

"घरवालीनी सांगं ना? मंग पहिले तेच सांगानं."

त्यांनी पुन्हा गाडी चालू करायला लावली. या वेळी पेचकसाचं टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाकडं नेता नेता थांबले. मग ती दातांत धरली. हो, दातांत. भाकरीचा तुकडा तोडतात तशी घट्ट. डोळे मिटले. टोक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवत गेले, जरा पुढं, जरा मागं. मुलगा हालत नव्हता. एका ठिकाणी चाचांच्या भुवया उचलल्या गेल्या. ते पुन्हा मागच्या जागेवर गेले, परत त्याच जागी आले. मूठ तोंडातून काढून त्यांनी मला खूण केली, बंद कर.

"आठे," त्या जागी बोट ठेवून ते म्हणाले. "टॅपेट ढिलं व्हयेल शे. दातमा ठोकस." टॅपेट म्हणजे इंजिनाची झडप, चाचांचा वाल, दाबणारी दांडी.

मी म्हटलं, मला बघू द्या. थोडा वेळ गाडी चालू करून मीही मूठ दातांत धरली. माझ्या मागच्या दाढेत चांदी भरलेली आहे. त्या टॅपेटनं नेमकी ती दाढ गाठली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चाचा हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू मी एका दाढेच्या बदल्यात मिळवलं, त्याचं मला समाधान आहे.

*

गाडी लोखंडी दांड्यानं पिकअपला जोडून खाली आणली. दुकानात चाचांनी इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, त्याला ते चेंबर म्हणतात, खोललं. त्यात ऑइल ओढून घेणारी एक जाळी असते. ती जाळी काळ्या चिखलानं भरून गेली होती. लोणी कढवल्यावर बुडाशी बेरी राहते ना, तशी बेरी, फक्त खाता न येणारी. फ्लशिंगनं वरचा गाळ सुटला आणि इथं येऊन बसला. पोटभर ऑइल असून इंजिन उपाशी. "धुवाना पहिले आठे देखानं व्हतं," चाचा म्हणाले. "मन्हं बी चुकनं." आणि जाळी रॉकेलात बुडवून ब्रशनं घासत बसले.

मग टॅपेटचं काम. ते पाहताना मला कळलं की त्याला कान लागतच नाही. एक पातळ पट्टी फटीत सरकवायची आणि ओढायची. सहज निघाली तर फट ढिली, अडकली तर घट्ट. ती अंगाला घसटून यायला पाहिजे, घट्ट बांगडी साबण लावून मनगटातून काढावी तशी. चाचा पट्टी ओढत, पाना जरासा फिरवत, पुन्हा ओढत. डोळे मिटलेले. दुकानात कुणी बोलत नव्हतं. चहावाला कपांची जाळी धरून उभा होता, आणि हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मुलगा मागं उभा राहून बघत होता. एकदा पाना मागायला चाचांनी हात मागं केला, तर त्यानं न विचारता तो दिला.

पुन्हा नवं पाच-तीस, नवा फिल्टर. टोपण लावताना चाचांनी मला ते वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं.

गाडी चालू केली. लाल दिवा लगेच विझला. चाचांनी झाकणावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "सांग आते. खरं."

मी वाकलो. मुलगाही वाकला. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याला काय हवं होतं, मला कळत होतं. मलाही तेच हवं होतं. शिवणयंत्र बंद पडलं होतं. पण नीट कान दिल्यावर, अगदी खाली, बारीक, नखानं ताटाची कड वाजवावी असं काहीतरी होतं.

"आहे, चाचा," मी म्हणालो. "थोडी. बारीक."

मुलाचा श्वास सुटल्याचं ऐकू आलं. चाचांनी हात हलवला नाही. जरा वेळानं म्हणाले, "एकसारखी शे ना? पळत नही?"

"एकसारखी."

"ऱ्हाऊ दे. तेवढी पाहिजेच. पुरी गप करी दिन्ही तं तापमा फट ऱ्हात नही, वाल जळी जास. वाजणारं टॅपेट बरं. गप व्हयेल टॅपेटनी भीती वाटाले पाहिजे." मग मुलाकडं वळून म्हणाले, "तू बी ऐकं का? हाऊच आवाज ध्यानमा ठेव. पुढली खेपले माले सांगाना शे."

मुलगा 'हां' म्हणाला. आणि मग, बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा 'हां' म्हणाला.

इद होऊन गेली. दुकान उघडं आहे. पिकअप हल्ली सकाळच्या भाड्याआधी जरा वेळ दुकानासमोर उभी असते. मागच्या खेपेला मी चहाला थांबलो असताना प्रकाशा रस्त्यावरचा एक शेतकरी जीप घेऊन आला आणि तोंडानं आवाज काढायला लागला. चाचांनी त्याला थांबवलं. "तोंडना आवाज नको, भाऊ. त्यामा एक गाडी बिघडनी." माझ्याकडं मात्र पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, "वरतून येस, अब्बा, डावी बाजूले." चाचांनी पेचकस टॉवेलाला पुसला आणि मूठ दातांत धरली. कानाचं मशीन अजून लावत नाहीत. मुलगा म्हणतो, बघू, हळूहळू. मी त्याला काही ठामपणे सांगितलेलं नाही.

गाडी दुरुस्त करून घरी पोचलो त्या संध्याकाळी मी ती अंगणात चालूच ठेवली होती, मुद्दाम. बायको दारात आली, जरा वेळ उभी राहिली.

"बंद व्हयनं का शिवणकाम?"

"नाही," मी म्हटलं. "मशीन बंद झालं. हातशिलाई चालू आहे. ती राहू द्यायची असते."

"कोनी सांगं?"

"चाचांनी. आणि या वेळी मी त्यांना खरं सांगितलं होतं."

तिनं पदराला हात पुसले आणि बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. "गरम शे," ती म्हणाली आणि आत गेली.